आडनाव न विचारता

आम्ही ग्रंथालयात काम करणारी आणि ग्रंथालयात वाढलेली माणसे आहोत. आमच्यात ग्रंथपाल आहेत, देवघेवीच्या टेबलावर बसणारे निर्गम सहायक आहेत, कपाटे पुसणारे शिपाई आहेत, रात्री दिवे मालवेपर्यंत अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेमुली आहेत. दुपारी वृत्तपत्र विभागात पंख्याखालची खुर्ची धरणारे दोन निवृत्त शिक्षकही आहेत. जाहीरनाम्यात आपला उल्लेख हवाच, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या जाती, धर्म, बोली आणि गावे वेगवेगळी. आम्हाला एकत्र आणले ते एका प्रश्नाने. ग्रंथालयाच्या दारात तो आम्ही सगळ्यांनी ऐकला आहे, आणि आमच्यातल्या काहींनी विचारलाही आहे.

‘आडनाव काय?’

अर्जावर तो छापलेला असतो, तिथवर ठीक. दुसऱ्यांदा विचारला जातो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. ‘आडनाव काय म्हणालात?’ या ‘म्हणालात’मध्ये काय दडलेले असते, ते महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पाठोपाठ ‘मूळ गाव कुठले?’ आणि तरीही उलगडा झाला नाही तर ‘गावात घर कोणत्या बाजूला?’

आमच्यातल्या एक बाई तालुक्याच्या ग्रंथालयात अठरा वर्षे निर्गम सहायक आहेत. पहिल्या बैठकीत त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने इथे लिहितो. जून महिना होता. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी टेबलापाशी आली. फरशी ओली होऊ नये म्हणून तिने छत्री बाहेर ठेवली होती. चपलाही बाहेर काढल्या होत्या. तशी काही त्या ग्रंथालयात पद्धत नव्हती. सभासद व्हायचे म्हणाली. नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, आडनाव सांगितले. बाईंचे पेन अर्जावर थांबले. त्यांनी अनामतीचा आकडा सांगितला, दोन जुन्या सभासदांच्या सह्या आणायला सांगितल्या, रेशनकार्डाची प्रत मागितली. मुलगी मान हलवून निघून गेली. तिच्या मागे तिच्याच वयाचा एक मुलगा उभा होता. त्याच्या अर्जावर सह्यांची जागा कोरीच राहिली. ‘दादांना म्हणावं, अनामत सवडीने पाठवा.’ त्या मुलाला त्याच संध्याकाळी पुस्तक मिळाले.

मुलगी परत आली, पण अर्ज घेऊन आली नाही. ती रोज संध्याकाळी वृत्तपत्र विभागात मुलांची पुरवणी वाचायची. उभ्याने वाचायची, बाक रिकामा असला तरी उभ्याने. दिवाळीनंतर यायची थांबली.

‘मला कोणी तसे सांगितले नव्हते,’ बाई म्हणाल्या. ‘पेन आपोआप थांबले.’

त्या थांबलेल्या पेनापासून आमची चळवळ सुरू होते.

ज्या परंपरेवर आम्ही बोट ठेवतो आहोत तिचा आम्हाला अभिमानही आहे, हे आधीच सांगून टाकतो. रत्नागिरीत 1828 मध्ये वाचनालय सुरू झाले, पणजीत 1832 मध्ये, नाशिकला 1840 मध्ये, पुण्यात 1848 मध्ये. रेल्वे यायच्या आधी इथे वाचनालये आली. कोणी पदरमोड करून घर दिले, कोणी ग्रंथसंग्रह दिला, कोणी आयुष्यभर बिनपगारी हिशेब लिहिले. अशा कितीतरी संस्थांच्या पाटीवर पुढेमागे एक शब्द आला: सार्वजनिक. आमचे भांडण पाटीशी नाही. पाटी आणि दार यांच्यामध्ये जे अंतर पडले त्याच्याशी आहे.

कारण ‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्याकडे नुसता लिहून कधीच खरा झालेला नाही. महाडचे चवदार तळे घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला. नगरपालिकेने 1924 मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे सार्वजनिक झाले. पाणी मात्र 20 मार्च 1927 ला प्यायले गेले, तेही हजारो माणसे चालत गेली तेव्हा, आणि त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. वाचनालयाच्या दारात कोणी काठी घेऊन उभे राहत नाही, हे खरे. तिथे अर्ज असतो, अनामत असते, ओळखीची सही असते, आणि पेन थांबते.

दार बंद असते तेव्हा माणसे वाचायची थांबत नाहीत. बाहेर कुठेतरी जाऊन वाचतात. एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक मुलगा चाळीच्या खोलीतल्या गर्दीतून निघून चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याला तिथे हेरले, त्याला वाचायला पुस्तके दिली, आणि तो 1907 मध्ये मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या मुलाने पुढे दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. आम्ही ग्रंथालयवाले 14 एप्रिलला त्याच्या तसबिरीला हार घालतो. बागेतल्या बाकावर एका शिक्षकाने जे काम केले ते खरे तर आमचे होते, हे त्या दिवशी आठवायला हरकत नसावी. केळुसकरांनी विचारले ते वाचतोस काय, इतकेच.

त्याच्याही आधी, 1855 मध्ये, सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले होते. एका गोऱ्या अधिकाऱ्याने तिला बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला, तेव्हा तिने खाऊऐवजी ग्रंथालय मागितले, अशी गोष्ट तिच्याबद्दल सांगितली जाते. ती जशीच्या तशी घडली की नंतर रचली गेली यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. लोकांनी ती पिढ्यानपिढ्या जपली, याचा अर्थ मागणी खरी होती.

माणसांना आडनाव विचारले जाते तसे ते पुस्तकांनाही विचारले जाते. ही बाजू बाहेरच्यांना दिसत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

पुस्तकाच्या पाठीवर जी चिठ्ठी असते तिच्यावरचा वर्गांक बहुतेक ठिकाणी मेल्विल ड्यूई यांच्या दशांश पद्धतीतून येतो. ही पद्धत 1876 ची. जगातले सगळे ज्ञान दहा घरांत बसवायचे आणि प्रत्येक घराचे पुन्हा दहा भाग करायचे. धर्माला घर मिळाले 200 चे. त्यातले 220 ते 280 पर्यंतचे सगळे दालन ख्रिस्ती धर्माला, आणि उरलेल्या जगाला शेवटची 290 ची खोली. बौद्ध 294.3, हिंदू 294.5, इस्लाम 297. आणि ज्यांची सोय दुसरीकडे कुठेच झाली नाही ते सगळे धर्म 299 मध्ये. आपल्या डोंगरातले वाघदेव, पर्सापेन, हिरवादेव त्या 299 च्या कोपऱ्यात उभे आहेत. पुढच्या आवृत्त्यांत डागडुजी झाली, पण घराच्या मूळ भिंती तिथेच राहिल्या.

ड्यूई माणूस गुंतागुंतीचा. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 1887 मध्ये ग्रंथपालनाची शाळा काढली, त्या पहिल्या वर्गातल्या वीस विद्यार्थ्यांत सतरा स्त्रिया होत्या. विद्यापीठाला ते रुचले नव्हते, तरी त्यांनी रेटून नेले. याच ड्यूईंच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता. त्यावरून ओरड झाली आणि न्यूयॉर्क राज्याचे ग्रंथपालपद त्यांना सोडावे लागले. व्यवसायातल्या स्त्रियांशी गैरवर्तनाच्या तक्रारी झाल्या त्या वेगळ्याच. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने 2019 मध्ये आपल्या पदकाचे ड्यूई हे नाव काढून टाकले. हे सगळे सांगायचे कारण असे की, वर्गांक आकाशातून पडत नाही. तो कोणीतरी माणूस ठरवतो, आणि त्या माणसाला स्वतःचे घर असते, क्लब असतो, शेजार असतो.

अर्थात, ड्यूईंना दोष देऊन आमची सुटका नाही. आमच्या कितीतरी ग्रंथालयांत ड्यूई पोचलेच नाहीत. तिथे आमची स्वतःची पद्धत चालते: कथा, कादंबरी, चरित्र, धार्मिक, प्रवासवर्णन, आणि सरतेशेवटी, जिन्याखालचे कपाट, ‘संकीर्ण’.

या जाहीरनाम्याची तयारी म्हणून आम्ही आपापल्या ग्रंथालयांतली संकीर्णची कपाटे उघडली. एका कपाटात ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ होते. डाव्या बाजूला मधुमेहावरची पुस्तिका, उजव्या बाजूला वास्तुशास्त्र. एकात बाबा पद्मनजींचे ‘यमुनापर्यटन’ होते. 1857 मध्ये आलेली, विधवांच्या दुःखावरची ही मराठीतली पहिली कादंबरी. लेखक धर्मांतरित ख्रिस्ती, म्हणून कोणा पूर्वसुरीने ती ‘मिशनरी वाङ्मय’ अशी नोंद करून इथे ठेवली असावी. आणखी एकात भिलीतल्या आणि गोंडीतल्या कवितांचे संग्रह होते, दाखल नोंदवहीत भाषेच्या रकान्यात ‘इतर’ लिहिलेले. एका जुन्या नोंदवहीत विषय म्हणून लिहिलेले सापडले: ‘गुन्हेगार जमाती’. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा. तो 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला आणि त्या माणसांना विमुक्त म्हटले जाऊ लागले. आमच्या नोंदवहीतून ती अजून सुटलेली नाहीत.

महिला विभागाचे कपाट आम्ही मुद्दाम वेगळे उघडले. पाककृती, विणकाम, व्रतवैकल्ये, सौंदर्य घरच्या घरी. ‘आयदान’ नव्हते, ‘जिणं आमुचं’ नव्हते. विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ही नव्हते. 1933 मध्ये ते पुस्तक आले तेव्हा बाळूताई खरे यांना आडनावच काय, आख्खे नाव झाकून लिहावे लागले होते, इतकी त्यात आग होती. ती आग बायकांच्या कपाटात नको, असे कोणाला वाटले असेल?

आणि मग ‘दलित साहित्य’ हे कपाट. यावर आमच्यातच दोन रात्री भांडण झाले, आणि ते लपवायचे आम्हाला कारण दिसत नाही. एका बाजूचे म्हणणे: ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘गोलपिठा’, ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही मराठीतली अव्वल पुस्तके. त्यांना वेगळ्या कपाटात ठेवणे म्हणजे गावकुसाबाहेर ठेवणे. आत्मचरित्राच्या रांगेत ‘स्मृतिचित्रे’ असते तर तिथे शेजारी ‘बलुतं’ का नसावे? दुसऱ्या बाजूचे म्हणणे: दलित साहित्य हे नाव आम्ही लढून मिळवले आहे. कपाट मोडाल तर ही पुस्तके हजारांच्या गर्दीत हरवतील, आणि पुढच्या खरेदीला ‘तशी पुस्तके आहेत की’ म्हणून यादीतून गळतील. दोन्ही म्हणणी खरी आहेत. आम्ही ठरवले ते असे: पुस्तक बसेल त्याच्या वाङ्मयप्रकारात, कवितेत कविता, कादंबरीत कादंबरी. पण दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लिम मराठी, ग्रामीण, स्त्रीवादी अशा स्वतंत्र सूची प्रत्येक ग्रंथालयात तयार होतील, भिंतीवर लागतील आणि दर वर्षी वाढतील. सूची राहील, कुंपण जाईल. आमच्यातल्या तिघांना हे अजूनही पटलेले नाही. ते चळवळीत आहेत आणि भांडण चालू ठेवणार आहेत.

कपाटावरची पाटी माणसालाही कशी चिकटते, त्याचा एक नमुना. बुरखा घातलेली एक तरुणी शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात कादंबरी मागायला गेली. टेबलावरच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले, ‘उर्दू विभाग नाही आपल्याकडे.’ तिला हमीद दलवाईंची ‘इंधन’ हवी होती. ती मराठीत एम.ए. करत होती. आता ती आमच्या मसुदा समितीत आहे, आणि हा परिच्छेद छोटा ठेवा असे तिनेच सांगितले.

तिसरे आडनाव विचारले जाते ते टेबलाच्या आतल्या माणसाला. ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी असतात. त्यांची आडनावे एकदा ओळीने वाचून पाहा. शंभर-सव्वाशे वर्षांत गावातल्या किती आळ्या त्या भिंतीवर पोचल्या ते मोजा. मग कपाटे पुसणाऱ्या, ग्रंथालय झाडणाऱ्या माणसाचे आडनाव विचारा. आमच्यातले एक मामा बावीस वर्षे शिपाई आहेत. कुठले पुस्तक कुठल्या कपाटात, किती वाचकांनी नेले, कुठल्या पुस्तकाची शेवटची पाने फाटली आहेत, हे त्यांना तोंडपाठ. ग्रंथपाल रजेवर असले की ग्रंथालय तेच चालवतात. पण ग्रंथालय प्रशिक्षणाच्या वर्गाला त्यांना पाठवावे, हे बावीस वर्षांत कोणाच्याही मनात आले नाही. ग्रंथपाल बाई असतील तर बालविभाग त्यांच्याकडे आणि संदर्भ विभाग पुरुषांकडे, ही वाटणीही अशीच कोणी न लिहिलेली. आणि ज्यांच्याकडून आपण बिनभेदभावाची सेवा मागतो त्या कर्मचाऱ्यांचे मानधन अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेले असते, हेही इथे नोंदवतो. अर्ध्या पोटी माणूस टेबलावर बसवून त्याला समतेचे धडे देणे आम्हाला मान्य नाही.

वाचक कमी झाला, अशी तक्रार आम्ही प्रत्येक वार्षिक सभेत ऐकतो. ती करणाऱ्यांनी 6 डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर यावे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर यावे. रात्रभर रेल्वेच्या डब्यात उभ्याने आलेली माणसे तिथे पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी करतात. जेवणाच्या पैशांतून पुस्तके घेतात, पिशवी भरून डोक्यावर ठेवतात आणि परतीच्या गाडीला जातात. वाचक कुठेही गेलेला नाही. तो आमच्याकडे येत नाही, एवढेच.

आता आम्ही काय मानतो ते.

आम्ही मानतो की ग्रंथालय हे गावातले असे एकमेव घर असू शकते, जिथे आत यायला काही विकत घ्यावे लागत नाही, नवस बोलावा लागत नाही आणि आजारी पडावे लागत नाही. आम्ही मानतो की वाचायला येणारे माणूस हीच ग्रंथालयाची ओळख. त्या माणसाची ओळख ग्रंथालयाने विचारू नये. आम्ही मानतो की वर्गीकरण म्हणजे निवाडा असतो, आणि निवाडा बदलता येतो. सॅनफर्ड बर्मन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने झांबियातल्या विद्यापीठात काम करताना पाहिले की, अमेरिकेतून येणाऱ्या विषयशीर्षकांत तिथल्या लोकांना ‘काफिर’ म्हटले आहे. त्याने 1971 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकांतले असे शब्द एकेक वेचून पुस्तकच लिहिले, आणि पुढे कितीतरी शब्द बदलले गेले. एका माणसाने तालिकापत्रावर खाडाखोड केली तर जगातल्या तालिका हलतात.

आम्ही शि. रा. रंगनाथनांना मानतो. गणिताचे हे प्राध्यापक 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडून कपाटाऐवजी वाचकाला मध्यभागी बसवले. आम्ही सयाजीरावांना मानतो. त्यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले, संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले आणि पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव पाठवली. त्याच बडोद्यात 1917 मध्ये, परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही, हेही आम्ही त्याच पानावर लिहून ठेवतो. पुस्तकांची पेटी गावात पोचते आणि माणूस गावात राहू शकत नाही. आम्हाला दोन्ही एकाच वेळी पोचायला हवे आहेत.

आणि आम्ही 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याला मानतो. त्याने अकरा-बारा हजार ग्रंथालयांचा संसार उभा राहिला. इतकी मोठी यंत्रणा हाताशी असलेल्या राज्यात ‘पुस्तक पोचत नाही’ असे म्हणणे ही सबब आहे.

आम्ही काय करणार?

आमच्या अर्जावर दोनच रकाने राहतील: तुम्हाला काय नावाने हाक मारायची, आणि पुस्तक परत मागायचे झाले तर निरोप कुठे द्यायचा. जुन्या सभासदाची सही लागणार नाही. ज्याला अनामत परवडत नाही त्याच्याकडून ती घेणार नाही. पुस्तके हरवतील, असे कोषाध्यक्ष म्हणतील. हरवतील. प्रतिष्ठितांनी नेऊन वर्षानुवर्षे परत न केलेल्या पुस्तकांची यादी आमच्याकडे तयार आहे; नव्या वाचकांनी हरवलेली पुस्तके त्या यादीच्या पुढे जातील तेव्हा बोलू. पाल ठोकून राहणाऱ्याला, पुलाखाली झोपणारीला, वस्तीतल्या बाईला कायमचा पत्ता नसतो. त्यांना आम्ही वृत्तपत्र विभागात पाठवणार नाही, पुस्तक हातात देऊ.

आम्ही वेळा बदलू. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ ज्यांनी ठरवली त्यांना धुणीभांडी करायला जायचे नव्हते. आठवड्यातून दोन दिवस दुपारी आणि दोन दिवस रात्री दार उघडे राहील. आणि जे दारापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे पेटी जाईल. बीडच्या बाजूची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. मुले बैलगाडीवर, शाळा मागे. कोयता निघेल तेव्हा टोळीबरोबर पुस्तकांची एक पत्र्याची पेटी निघेल, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत येईल. पुस्तके मळतील, चिखलाचे हात लागतील. निर्लेखनाच्या नोंदीत आम्ही कारण लिहू: ‘वाचून झिजले.’

नोंदवह्यांतले शब्द आम्ही स्वतः बदलू. वरून परिपत्रक येण्याची वाट पाहणार नाही. ‘गुन्हेगार जमाती’ या शब्दांवर रेघ मारू आणि शेजारी ‘विमुक्त’ लिहू. जुना शब्द खोडरबराने पुसायचा नाही, असे ठरले आहे. काय खोडले ते पुढच्यांना दिसले पाहिजे. भाषेच्या रकान्यात ‘इतर’ चालणार नाही. गोंडी लिहा, कोरकू लिहा, पावरी लिहा, अहिराणी लिहा. ज्या बोलीत छापील पुस्तक मिळत नाही तिथे गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडची गाणी आणि गोष्टी ध्वनिमुद्रित करून त्यांना दाखल क्रमांक देऊ. दाखल क्रमांक मिळाला की गोष्ट ग्रंथालयाची मालमत्ता होते, आणि लेखापरीक्षकालाही ती मोजावी लागते.

डोळ्यांनी न वाचणाऱ्यांसाठी पुस्तकाची प्रत तयार करायला प्रकाशकाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. 2012 च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात ती सवलत आली. अंध वाचकांसाठीच्या माराकेश कराराला 2014 मध्ये मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश होता. कायदा दहा पावले पुढे आहे आणि आमचा बालविभाग दुसऱ्या मजल्यावर, सव्वीस पायऱ्या चढून. बालविभाग खाली येईल. अध्यक्षांची खोली वर जाईल. याला कार्यकारी मंडळात सर्वांत जास्त विरोध होईल, असा आमचा अंदाज आहे.

खरेदी समितीत वाचक बसतील, त्यात अर्ध्या बाया. मामांना आणि त्यांच्यासारख्या प्रत्येकाला प्रशिक्षणाला पाठवू, आणि रिकाम्या जागेची जाहिरात नोटीस बोर्डावर लावू. अध्यक्षांच्या भाच्याला फोन करून नव्हे.

‘तुम्ही वाचनालयात जात आणता’, असे आम्हाला सांगितले जाईल. सांगणारे सज्जन असतील, त्यांनी ग्रंथालयासाठी पुष्कळ केलेले असेल, आणि त्यांना खरेच तसे वाटत असेल. त्यांना आमची एकच विनंती. एका संध्याकाळी टेबलामागे बसा आणि आपल्या पेनाकडे लक्ष ठेवा.

या चळवळीला आम्ही अजून नाव दिलेले नाही. नावे ठेवणारे पुष्कळ भेटतील, तेव्हा घाई नाही. तिला अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. छापील पावतीपुस्तक करावे असा एक प्रस्ताव आला होता, तो बारगळला. 2028 मध्ये रत्नागिरीच्या वाचनालयाला दोनशे वर्षे होतील. समारंभ होतील, स्मरणिका निघतील. त्या आधी आपल्या मुलखातल्या प्रत्येक ग्रंथालयाच्या अर्जावरून सहीची ती जागा गेलेली असेल, हे आम्ही आजच लिहून ठेवतो.

इथवर आम्ही ‘आम्ही’ म्हणत आलो. आता ‘आपण’ म्हणतो. 12 ऑगस्टला रंगनाथनांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन. त्या दिवशी भाषणे होतात. यंदा भाषण नको. संध्याकाळी पाच वाजता आपापल्या गावातल्या ग्रंथालयात जायचे आणि संकीर्णचे कपाट उघडायचे. येताना एक कोरडे फडके आणि एक पेन्सिल आणा; धूळ पुष्कळ असते, नाकाला रुमाल बांधलेला बरा. एकेक पुस्तक बाहेर काढायचे, कोणाचे आहे ते मोठ्याने वाचायचे, आणि ते कुठे बसायला हवे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. मुलांना बरोबर आणा. खालच्या खणातली पुस्तके त्यांनाच नीट दिसतात.

कपाटाला कुलूप असेल. किल्ली देवघेवीच्या टेबलाच्या उजव्या खणात, शिक्क्याच्या डबीखाली असते.